मागून येणारे दिवे

हे मनन बसल्या जागी करायचं आहे. पाठ टेकून बसा. डोळे मिटायचा आग्रह नाही, कारण आपण एका गाडीत बसणार आहोत, बाहेर अंधार आहे आणि गाडी आपल्यालाच चालवायची आहे.

जागा फ्रान्समधलं ल मान्स. जून महिन्यातली शनिवारची रात्र. शर्यत दुपारी चारला सुटली. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि हौशी मंडळी जेवणाची ताटं घेऊन पडद्यासमोर बसली होती. संपेल ती उद्या दुपारी चारला. चोवीस तासांत सर्वांत जास्त अंतर कापेल ती गाडी पहिली, एवढाच मूळ नियम. एक फेरी १३.६२६ किलोमीटरची. तिचा बराचसा भाग एरवीचा साधा रस्ता आहे, ल मान्सहून तूरकडे जाणारा, कडेला झाडं, घरं आणि उपाहारगृहं असलेला. शर्यत आटोपली की तो पुन्हा गावकऱ्यांचा आणि मालाच्या ट्रकांचा होतो.

या रस्त्यावर आत्ता साठाच्या आसपास गाड्या आहेत आणि त्या सगळ्या एकमेकींशी स्पर्धा करत नाहीत. सर्वांत वरचा वर्ग हायपरकारचा. फेरारी, टोयोटा, कॅडिलॅक यांनी निव्वळ शर्यतीसाठी घडवलेल्या, वजनाला हजार किलोंहून थोड्याच जास्त आणि ताकदीला पावणेसातशे अश्वशक्तीच्या घरातल्या गाड्या. मधला वर्ग एलएमपी२. याही शर्यतीसाठीच बनवलेल्या, पण सगळ्यांत गिब्सन कंपनीचं तेच ४.२ लिटरचं व्ही-८ इंजिन. तिसरा एलएमजीटी३, म्हणजे शोरूममध्ये ज्यांच्यासमोर आपण थबकून उभे राहतो त्या पोर्शे ९११, कॉर्व्हेट, ॲस्टन मार्टिन वगैरेंची शर्यतीसाठी सजवलेली भावंडं. प्रत्येक वर्गात पहिला-दुसरा-तिसरा वेगळा. मुंबईच्या लोकलला निदान स्लो आणि फास्टचे रूळ तरी निराळे असतात. इथे रूळ एकच.

कुठल्या गाडीत बसायचं असं विचारलं तर मन आपोआप हायपरकारकडे धाव घेतं. त्याला थोडं आवरा. आज आपण तिसऱ्या वर्गात बसू. सर्वांत संथ गाडीत. अर्थात हिला संथ म्हणायचं ते इथल्या हिशोबाने, कारण लांब सरळ रस्त्यावर हीसुद्धा ताशी पावणेतीनशेच्या पुढे जाते.

हात स्टिअरिंगवर ठेवा. पट्टे इतके आवळलेले आहेत की श्वास छातीत मावत नाही, तो पोटात घ्यावा लागतो. घ्या. आता सोडा. हेल्मेटमध्ये तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येतो. पायाशी धग आहे, मानेखाली घाम आहे. समोर दिव्यांच्या उजेडात येतो तेवढाच रस्ता.

आता एक छोटा हिशोब करू. मनन असलं म्हणून हिशोबाचं वावडं नको. आपली फेरी चार मिनिटांची धरू आणि हायपरकारची साडेतीन मिनिटांची. रात्रीच्या वेळी हे आकडे फार चुकीचे नाहीत. म्हणजे आपल्या सात फेऱ्या होतात तेव्हा तिच्या आठ. दर अठ्ठावीस मिनिटांनी तीच गाडी मागून येऊन आपल्याला ओलांडून जाणार. आणि अशा वीसेक आहेत. सरासरी काढली तर दर दीड मिनिटाला एक, झोपेची वेळ असो वा नसो. एलएमपी२ वाल्या त्याखेरीज. चोवीस तासांत आपल्या गाडीला किती वेळा कोणीतरी मागे टाकून जाईल याची गणती ठेवायची म्हटली, तर दुसरं काही करताच येणार नाही.

मागे पाहा. आरशात, किंवा नव्या गाड्यांत आरशाच्या जागी कॅमेऱ्याचा पडदा असतो त्यात. दूरवर एक पांढरा ठिपका दिसतो आहे. आधी तो हलत नाही असंच वाटतं. मग एकाचे दोन होतात. मग ते दोन दिवे पडदा भरून टाकतात, एकदा-दोनदा लखलखतात, गाडीच्या आत छतापर्यंत उजेड पडतो आणि तुमच्या हाताची सावली तुम्हाला डॅशबोर्डवर दिसते.

तुमच्या शरीराला आत्ता काय करावंसं वाटलं, ते न्याहाळा.

बहुधा बाजूला व्हावंसं वाटलं असेल. आपल्यावर तसा संस्कारच असतो. मोठं माणूस आलं की सरकून जागा द्यायची, मागून हॉर्न वाजला की डावीकडे घ्यायचं. किंवा नेमकं उलट, जबडा घट्ट झाला असेल आणि 'जा बघू कसा जातोस ते' असं काहीतरी मनात आलं असेल. या रस्त्यावर दोन्ही सारखेच धोक्याचे. मागच्याने तुम्हाला दोन वळणं आधीच हेरलं आहे आणि तुम्ही नेहमीच्या रेषेवरून जाल असं गृहीत धरून आपली वाट आखली आहे. तुम्ही भलेपणाने अचानक डावीकडे झालात आणि तोही डावीकडूनच येत असला, तर तुमच्या भलेपणाचा त्याला काही उपयोग नाही. म्हणून इथे मुरलेले चालक नवख्यांना सांगतात की आपली रेषा धरून राहा, वाट शोधायचं काम जोरात जाणाऱ्याचं. फॉर्म्युला वनमध्ये निळा झेंडा दिसला की बाजूला व्हावंच लागतं. इथे तो मुख्यतः कळवायचं काम करतो, की कोणी येतंय.

शिवाय रेषा सोडण्याची किंमत आहे. टायर झिजून पडलेले रबराचे बारीक तुकडे वळणांच्या बाहेरच्या अंगाला साचत जातात. तिथे चाक गेलं की गाडी निसटते, आणि ते तुकडे टायरला चिकटले की पुढची काही वळणं पकड मिळत नाही. पोर्शे कर्व्हजसारख्या भागात, जिथे एका वळणातून सरळ दुसऱ्यात शिरायचं असतं आणि भिंत फार लांब नसते, तिथे आदबीने बाजूला झालेला माणूस स्वतःच भिंतीत जाऊ शकतो.

तर मग करायचं काय? जवळजवळ काहीच नाही. ब्रेक नेहमीच्या जागी. वळण नेहमीच्या जागी. बाहेर पडल्यावर सरळ रस्ता लागला की हवं तर ॲक्सिलरेटर किंचित सैल करायचा, म्हणजे तो लवकर निघून जाईल आणि दोघांचाही वेळ कमी जाईल. तो गेला. त्याचे मागचे लाल दिवे इंडियानापोलिस नावाच्या वळणात नाहीसे झाले. तुमच्या वर्गातली तुमची जागा होती तीच आहे. मागे टाकलं जाऊनही काही गेलं नाही.

हे वाक्य लिहायला सोपं आहे, मला ठाऊक आहे. तास दोन तास दर दीड मिनिटाला कोणी मागे टाकून जात असताना ते पोटात उतरणं अवघड. म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबू.

तुमची खरी शर्यत कोणाशी आहे? तुमच्याच वर्गातल्या, तुमच्याच वेगाच्या एखाद्या गाडीशी. समजा ती चाळीस सेकंद पुढे आहे. तिची फेरी चार मिनिटांची, तुमचीही चार मिनिटांची. मग ती तुम्हाला दिसणार कधी? दिसणारच नाही. तुमच्या बरोबरीचं जे आहे ते कायम तेवढ्याच अंतरावर, दोन वळणांपलीकडे राहतं. डोळ्यांना दिसतात त्या दोनच जातीच्या गाड्या. एक, तुमच्यापेक्षा फार जलद असलेल्या. दुसऱ्या, काहीतरी बिघडल्यामुळे रेंगाळत पिटकडे, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्याकडे, निघालेल्या. रात्रभर मनात जे उसळतं, हेवा म्हणा किंवा कीव म्हणा, ते या दिसणाऱ्यांबद्दल. आणि ज्याच्याशी खरोखर देणंघेणं आहे तो फक्त कानातल्या रेडिओवर एक आकडा म्हणून येतो. पुढचा ४०. पुढचा ३९. पुढचा ३९.

तुमच्या स्वतःच्या आयुष्यात तो ३९ सेकंद पुढे असलेला कोण, हे आत्ताच ठरवायची घाई नको. शोधू लागलात तर आधी दिसणारेच पुढे येतील: वर्गमित्र, शेजारी, मोठ्या पगाराचा आतेभाऊ. त्यांना जाऊ द्या. त्यांचे लाल दिवे दिसतात तोवर पाहा आणि पुन्हा रस्त्याकडे या.

आता जागा बदलू. त्या जोरात जाणाऱ्या गाडीत बसू, तिच्यावर अन्याय नको. तिथून रस्ता अगदी वेगळा दिसतो. प्रत्येक वळणाच्या तोंडाशी कोणीतरी आहे. दोन संथ गाड्या आपसांत भिडलेल्या आहेत, त्यांना त्यांची झुंज महत्त्वाची आहे आणि आपण नकोसे पाहुणे आहोत. इथे अर्धा सेकंद थांबलो तर सरळ रस्ताभर तोच तोटा, आणि घुसलो तर कदाचित शर्यतच संपेल. २०११ साली ऑडीच्या तीन गाड्या होत्या. पहिल्याच तासात ॲलन मॅकनिशची गाडी खालच्या जीटी वर्गातल्या एका फेरारीला ओलांडताना टक्कर होऊन भिंतीपर्यंत उडाली. रात्री माइक रॉकनफेलरची दुसरी, जवळपास ताशी तीनशेच्या वेगात, पुन्हा एका जीटी गाडीशी गाठ पडून चक्काचूर झाली. दोघेही चालक वाचले, ते फोटो पाहिल्यावर खरं वाटत नाही. उरलेल्या एका ऑडीने चोवीस तासांनंतर प्यूजोला १४ सेकंदांपेक्षा कमी फरकाने हरवलं. त्या चोवीस तासांत इतर गाड्यांमागे अडकून गेलेले सेकंद कोणी मोजले तर त्यांची बेरीज १४ च्या कितीतरी पट भरेल. धीर धरल्याने शर्यत जाते आणि न धरल्यानेही जाते. त्यावर तोडगा मला माहीत नाही, आणि मॅकनिशसारख्या आधी दोनदा इथे जिंकलेल्या माणसालाही तो दरवेळी सापडत नव्हता.

थोडा श्वास घ्या. चालक बदलायची वेळ झाली आहे.

एका गाडीला तीन चालक असतात. सहा तासांच्या कुठल्याही टप्प्यात एकाने चार तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, आणि एकूण चौदा तासांच्या वर नाही. आसन दुसऱ्याच्या अंगाने तापलेलं असतं. आपल्या पाठीच्या मापाची गादी त्यात ठेवून बसायचं. आपण झोपलेले असताना दुसरा आपली शर्यत चालवतो, आणि उठल्यावर जी जागा हाती येते ती त्याने राखलेली किंवा घालवलेली असते. २००९ साली नारायण कार्तिकेयन इथे धावणारा पहिला भारतीय ठरणार होता. शर्यतीच्या तोंडावर पिटच्या भिंतीवरून पडून त्याचा खांदा निखळला. उरलेल्या दोघांनी त्याच्या वाटणीचे तासही आपसांत वाटून घेतले आणि ती ऑडी सातवी आणली. तीन वर्षांनी चेन्नईच्या करुण चंधोकने तो मान मिळवला. त्याची गाडी सहावी आली.

पूर्वी असे तासांचे नियम नव्हते. १९५२ मध्ये पिएर लेवेग नावाच्या फ्रेंच चालकाने आपल्या टॅल्बो गाडीचं आसन जोडीदाराला द्यायचंच नाकारलं. पिटमध्ये जोडीदार तयार उभा, आणि हा पुन्हा एकटाच निघून जातो. रात्र गेली, सकाळ गेली. चार फेऱ्यांची आघाडी होती. शेवटच्या तासात इंजिन गेलं. थकव्याने चुकीचा गिअर पडला असं काही म्हणतात. इंजिनातच आधीपासून बिघाड होता आणि तो जाणवल्यामुळेच आपण गाडी सोडली नाही, असं तो स्वतः सांगे. मला त्याचं म्हणणं खोटं वाटत नाही. पण आत काहीतरी बिघडलं आहे हे एकट्यालाच कळलेलं असणं आणि त्यापायी दुसऱ्याच्या हाती चाक न देणं, हेही थोडं न्याहाळण्याजोगं आहे.

या धाडसाने मर्सिडीजचं लक्ष वेधलं आणि १९५५ साली त्यांनी लेवेगला आपल्या संघात घेतलं. पुढचा भाग गोड नाही, पण तो वगळून इथे बसण्यात अर्थ नाही. ११ जूनची संध्याकाळ. माइक हॉथॉर्नची जलद जॅग्वार लान्स मॅकलिनच्या संथ ऑस्टिन-हीलीला ओलांडते आणि पिटमध्ये जायचं म्हणून लगेच ब्रेक लावते. मॅकलिन तिला चुकवायला डावीकडे वळतो. डावीकडून त्याच्याहून कितीतरी जास्त वेगात लेवेगची मर्सिडीज येत असते. ती हीलीच्या मागच्या भागावरून उडाली, बांधावर आदळून फुटली आणि तिचे तुकडे गर्दीत घुसले. लेवेगसह ८० हून अधिक माणसं गेली. शर्यत थांबवली नाही. लोक एकदम बाहेर पडले तर रुग्णवाहिकांचा रस्ता अडेल, असं संयोजकांचं म्हणणं होतं. मध्यरात्र उलटल्यावर मर्सिडीजने आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या. हॉथॉर्नची जॅग्वार जिंकली.

तिघांनी एका क्षणात जे केलं त्यातलं प्रत्येक कृत्य एकेकटं पाहिलं तर समजण्यासारखं आहे. एकाला पिटमध्ये जायचं होतं, एकाला टक्कर टाळायची होती, एकाला वेळच मिळाला नाही. चौकशीत कोणा एका चालकावर ठपका आला नाही. पिट आणि रस्ता यांच्यामध्ये तेव्हा भिंत नव्हती, वेगवेगळ्या वेगांसाठी रस्ता अरुंद होता. नंतर तो सगळा भाग पाडून नव्याने बांधला. रेषा धरून राहण्याची गोष्ट मघाशी केली होती. ती शिकवण म्हणून गोंडस वाटली असेल, तर तिच्यामागे हे आहे.

इथे हवा तेवढा वेळ थांबा. मी घाई करणार नाही.

पहाट होते आहे. तिथली जूनमधली रात्र लहान असते, सहाच्या सुमाराला उजाडतं. डोळे चुरचुरतात, गाडीच्या नाकावर किड्यांचा आणि तेलाचा थर आहे. दिवसाच्या उजेडात वर्गांचा क्रम पुन्हा नीट दिसू लागतो: हे वरचे, हे मधले, हे खालचे. म्हणून हेही आठवून ठेवू की तो क्रम काही अढळ नाही. १९२३ च्या पहिल्या शर्यतीत तर अधिकृत विजेताच नव्हता. तीन वर्षांच्या करंडकाची ती पात्रता होती, ठरलेलं अंतर गाठायचं एवढंच. लगाश आणि लेओनार यांची शेनार-वॉल्कर सर्वांत लांब गेली खरी, पण ३३ पैकी ३० गाड्या शेवटपर्यंत पोचल्या यातच आयोजकांना जास्त आनंद असावा. १९७९ मध्ये चौपन्न वर्षांचा सिनेनट पॉल न्यूमन दोन जोडीदारांसह पोर्शे ९३५ मधून एकूण क्रमवारीत दुसरा आला. १९९५ मध्ये रात्रभर पाऊस लागून राहिला आणि मॅकलारेन एफ१, मुळात रस्त्यासाठी बनवलेली गाडी, खास शर्यतीसाठी घडवलेल्या गाड्यांना मागे टाकून पहिली आली. त्या रात्री जे. जे. लेहटो ओल्या रस्त्यावर इतरांपेक्षा कितीतरी जलद जात होता. कोरड्या हवेत हे झालं नसतं. पाऊसही त्या शर्यतीचाच भाग होता, असं म्हणायचं की नाही हे तुम्ही ठरवा.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यावर शौकीन हमखास भांडतात. एकाच वर्गातल्या गाड्या तुल्यबळ राहाव्यात म्हणून नियमकर्ते कोणावर वजन चढवतात, कोणाची ताकद उतरवतात. म्हणजे बरोबरीचा जो प्रतिस्पर्धी आपण मघाशी शोधत होतो, त्याची बरोबरीही अंशतः कोणीतरी कार्यालयात बसून जुळवलेली असते. मला यात फसवणूक वाटत नाही. कुठे ना कुठे कोणीतरी वजनं ठेवतच असतं. इथे निदान त्याचा कागद निघतो.

शेवटचा तास. साल २०१६ घेऊ. पाच नंबरची टोयोटा आघाडीवर आहे, चाकाशी काझुकी नाकाजिमा. टोयोटाने ही शर्यत तोवर कधी जिंकलेली नाही, आणि आता पाच-सहा मिनिटं उरली आहेत. रेडिओवर तो सांगतो की गाडीत ताकद नाही. गाडी मंदावते, आणि तीन मिनिटं राहिलेली असताना अंतिम रेषेजवळ, आपल्याच संघाच्या डोळ्यांसमोर थांबते. दोन नंबरची पोर्शे बाजूने निघून जाते आणि जिंकते. नाकाजिमा कशीबशी गाडी पुन्हा सुरू करून ती फेरी पूर्ण करतो, पण तिला अकरा मिनिटांहून जास्त लागतात. नियम असा की शेवटची फेरी सहा मिनिटांच्या आत झाली पाहिजे. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत सर्वांच्या पुढे असलेल्या, विजेत्याइतकंच धावलेल्या गाडीचं निकालपत्रात स्थान नाही. दोन वर्षांनी टोयोटा जिंकली तेव्हा शेवटच्या टप्प्यात चाक नाकाजिमाकडेच होतं.

त्याच २०१६ च्या निकालपत्रात खाली खाली या. अडतिसाव्या जागेवर ८४ नंबरची गाडी आहे. फ्रेदरिक सोसे हा तिचा एक चालक. जंतुसंसर्गामुळे २०१२ मध्ये त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कापावे लागले होते. उजव्या हाताच्या उरलेल्या भागाला जोडलेल्या कृत्रिम अवयवाने तो स्टिअरिंग फिरवी आणि ब्रेक, ॲक्सिलरेटर मांड्यांनी दाबी. जोडीदार बसले की तीच गाडी हातापायांनी चालवता येईल अशी सोय होती. ती गाडी कुठल्याच वर्गात नव्हती. नव्या प्रयोगांसाठी राखलेल्या गॅरेज ५६ या जागेवर तिला प्रवेश होता. म्हणजे तिचा प्रतिस्पर्धी असा कोणी नव्हताच, दोन वळणं पुढेही नाही. मागून मात्र दिवे येत राहिले, दिवसा आणि रात्री, आणि सोसे व त्याचे दोघे जोडीदार आपली रेषा धरून ३१५ फेऱ्या गेले.